एगिदियासाठी – रिकामं

जोलिता स्वतःच सांगते, की विल्निअसच्या त्या संस्थेत तिच्याइतकी मूर्ख बाई दुसरी झाली नसेल. आणि हे ती लाजून वगैरे सांगत नाही. चहात साखर किती हवी ते सांगावं, तसं सांगते. अकरा वर्षं तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक काळा फोटो चिकटवलेला होता. निव्वळ काळा. कामाला नवी पोरं आली की ती त्यांना त्या फोटोपुढे उभं करायची आणि म्हणायची, बघा, काच धुवावी तर अशी. पोरं माना डोलवायची, आणि ही आपल्या हातांकडे बघून मनातल्या मनात खूश व्हायची. तो फोटो धुतलेल्या काचेचा नाहीच, हे कळायला तिला सेहेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं.

काळ्या फोटोचं एवढं कौतुक का, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं उगीच वाटेल.

संस्थेच्या तळघरात एक खोली आहे. खिडकी नाही, भिंती काळ्या, दाराला काळा जाड पडदा. बाहेर भर दुपार असो, आत पाऊल टाकलं की स्वतःचा हात दिसत नाही. या खोलीत पाण्याच्या थेंबातला एकएकटा रेणू बघतात. रेणूला चमकणारा रंग लावायचा, मग पाणी घालून घालून इतकं पातळ करायचं की एका रेणूच्या आसपास दुसरा राहू नये. थेंब दोन काचांमध्ये धरायचा, खालून लेसरचा उजेड सोडायचा आणि कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत बसायचं. काळोखात हिरवे ठिपके दिसतात. पाण्यात असतात म्हणून सारखे थरथरतात, धड एका जागी ठरत नाहीत. थोडा वेळ चमकतात आणि जातात. निखाऱ्यासारखे मंद होत होत नाही. एकच रेणू तो, अर्धा कसा विझणार? आहे, आहे, आहे, आणि नाही.

पण भरलेल्या काचेआधी रिकामी काच बघायची असते. सगळं तेच, तेच पाणी, तोच रंग, फक्त ज्याला शोधतोय तो रेणू त्यात नाही. या लोकांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं एक प्रोटीन असं एकएकटं पकडायची तपासणी बसवली होती, आणि जानेवारीपासून ती शहरातल्या हॉस्पिटलात सुरू होणार होती. काच नीट धुतली गेली नाही आणि रिकाम्यातही ठिपके दिसले, तर चांगलं धडधाकट माणूस आजारी ठरणार. म्हणून रिकामं हे रिकामंच हवं. आणि इथलं रिकामं तर असं काळं, की बाहेरगावचे लोक हेवा करायचे.

हे सगळं उभं केलं होतं एगिदिया रिमकुतेनं. ताडमाड उंच बाई, हसायला लागली की वरच्या मजल्यावर कळायचं. चहा म्हणजे शहाजिऱ्याचा, घरून थर्मासात आणलेला. खोलीभर त्याचा वास. जोलिता आणि ती अठरा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. काचा धुवायच्या जोलितानं, मोजमाप एगिदियानं. बारा वाजले की एगिदिया म्हणायची, "जा गं, तू जेवून घे. रिकामं मी करते." जोलिता जायची, बीटाचं सूप प्यायची, आणि आपली किती काळजी करते ही, म्हणून वर तिच्यासाठी एक पाव रुमालात बांधून आणायची.

फेब्रुवारीत एगिदिया बसस्टॉपवर उभी असतानाच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्यानंतर रिकामं कोणी केलंच नाही, जुन्याच नोंदींवर काम चाललं.

नोव्हेंबरात एस्तोनियातून, तार्तूहून पत्र आलं. तिथल्या एका बाईंनी दोन वर्षं खपून हीच तपासणी करून बघितली होती, पण त्यांचं रिकामं काही केल्या इतकं काळं होत नव्हतं. तुमचं कसं होतं, ते येऊन बघू का, असं त्यांनी सभ्यपणे विचारलं होतं. संचालक स्तोन्कुस सरांनी जोलिताला वर बोलावलं. हा मऊ स्वभावाचा गृहस्थ, वाईट बातमी सांगताना संत्री सोलतो. एक संत्रं संपलं, दुसरं घेतलं, तेव्हाच जोलिताला कळलं की प्रकरण मोठं आहे. सर म्हणाले की काही खोटं निघालं तर ज्याच्या हातून झालं त्याला जावं लागेल, आणि नाव छापून येईल. मग अगदी हळू म्हणाले, "रिकाम्या काचांपुढे सगळीकडे तुमचंच नाव आहे, जोलिता."

ती हसली. सरांची काहीतरी गडबड झाली असं तिला वाटलं. सरांनी नोंदवही तिच्याकडे सरकवली.

अकरा वर्षांच्या नोंदी. रिकामं – ठीक, आणि पुढे J. रिकामं – ठीक, J. ते J तिचं नव्हतं. ती साधी उभी रेघ ओढते. हे गोल होतं, खाली गळासारखा आकडा काढलेलं. एगिदियाचं अक्षर. जोलिता पानं उलटत गेली, आणि एका तारखेवर तिचं बोट थांबलं. त्या दिवशी तिच्या आईला गावी, उतेनाला पुरलं होतं. म्हणजे त्या दिवशी सकाळी एगिदियानं रिकामं केलं, पुढे जोलिताचं अक्षर लिहिलं, मग दुपारच्या बसनं उतेनाला आली आणि थडग्यापाशी तिचा हात धरून उभी राहिली. हात गरम होता तिचा. जोलिताला ते आठवत होतं.

तिनं वही मिटून परत सरकवली. मेलेल्या मैत्रिणीवर कसं ढकलायचं? आणि ढकललं तरी मानणार कोण?

पाहुणे यायचे होते डिसेंबरातल्या एका गुरुवारी, नाताळच्या आदल्या आठवड्यात. सोमवारी जोलितानं काचा तीनदा धुतल्या आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा रिकामं स्वतः केलं. पडद्यावर आलं ते करडं होतं. पाणीसुद्धा उजेड थोडा उधळतंच, त्याचं एक धुरकट सावट येतं. आणि त्या सावटात ठिपके. तेवीस. तिनं दुसरी काच घेतली. एकोणीस. मग तिनं भिंतीवरचा तो लाडका फोटो सोलून काढला आणि पडद्याशेजारी धरला. त्यात सावटच नव्हतं. पाणीसुद्धा इतकं काळं नसतं. तिनं लेसरपुढचं शटर बंद केलं आणि एक फोटो काढला. हुबेहूब. अकरा वर्षं एगिदियानं काही बघितलंच नव्हतं. झाकण लावून अंधाराचा फोटो काढला होता, आणि खाली मैत्रिणीचं अक्षर लिहिलं होतं.

जोलिता बराच वेळ स्टुलावर बसली. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मग तिनं ठरवलं, की गुरुवारी सगळ्यांसमोर खरं रिकामं दाखवायचं, करडं आणि ठिपक्यांचं, आणि काय झालं ते सांगून टाकायचं. नोकरी जाईल तर जाईल. हॉस्पिटलात खोटी तपासणी नको.

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती खाली उतरली. झाकलेल्या शटरचा आणखी एक फोटो, तारखेसकट, पुरावा म्हणून हवा होता. काम साधं, पाच मिनिटांचं.

इथे काचेच्या कडेला पट्टी लावतात, तिच्यावर कोणासाठी आणि काय एवढं लिहायचं. सरांसाठी – भरलेलं. हॉस्पिटलसाठी – भरलेलं. अठरा वर्षांच्या सवयीनं जोलिताचा हात चालला आणि काच बसवून झाल्यावर तिनं वाचलं. एगिदियासाठी – रिकामं.

त्या आठवड्यात घरोघर कूचोसची तयारी चाललेली असते. नाताळच्या आदल्या संध्याकाळचं ते जेवण. वर्षात घरातलं कोणी गेलं असेल तर त्याच्यासाठी एक पांढरं ताट मांडायचं, काही न वाढता. प्रयोगशाळेतलं रिकामं आणि त्या ताटातलं रिकामं, शब्द एकच. जोलिताला ते तेव्हा सुचलं. पण पट्टी बदलायची तर ते नाव खोडायला हवं होतं, आणि तेवढं तिच्यानं झालं नाही. तिनं दिवा मालवला.

अंधार. कॅमेऱ्याच्या पंख्याची घरघर. भिंतीतल्या नळातून वरच्या मजल्यावरचं पाणी उतरत होतं, थांबत होतं. शटर बंद. पडदा काळा.

मग वास आला. आधी तिला वाटलं आपल्याच स्वेटरचा. शहाजिरं… उकळलेलं. एगिदियाचा थर्मास तर मार्चमध्येच तिची बहीण घेऊन गेली होती.

पडद्याच्या बरोबर मधे एक ठिपका होता.

जोलितानं शटर चाचपलं. बंद. तिनं खणातून काळा पुठ्ठा काढला, शटरच्या पुढे तोही उभा केला. ठिपका होता. आणि तो थरथरत नव्हता. पाण्यातलं काहीही थरथरतं, तिनं आयुष्यभर तेच बघितलं होतं. हा खिळा ठोकल्यासारखा उभा होता. ती आकडे मोजायला लागली, कारण घाबरलं की ती मोजते. वीस. पन्नास. कुठलाच रेणू शंभरापर्यंत टिकत नाही. शंभर झाले. एकशे दहा.

"एगिदिया…?" ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तिला कसंतरी झालं.

ठिपका बंद झाला. मग पुन्हा लागला.

खरं तर एखादी शहाणी बाई इथे पळाली असती. जोलिताला राग आला. महिनाभर आत कोंडलेला, त्या गोल J चा राग.

"माझं अक्षर का लिहिलंस?"

ठिपका जागचा हलला नाही. लुकलुकला नाही. नळातलं पाणी थांबलं, पंख्याची घरघर तेवढी राहिली.

"आईच्या दिवशीसुद्धा…"

काही नाही.

"उद्या मी सांगणार आहे. सगळं."

ठिपका गेला. आहे, आणि नाही. पडदा काळा, खोली काळी. आणि जोलिताच्या मागे, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, खुर्ची सरकली. लांबवर फेकल्यासारखी नाही. बसायला घेताना माणूस जेवढी सरकवतं, तेवढीच. झाकण फिरवून उघडल्याचा आवाज झाला. मग अगदी कानाशी, चहाच्या ऊबदार वाफेसकट, कोणीतरी श्वास सोडला. काही बोलणार असल्यासारखा. की बोलून झाल्यासारखा…

यानंतरचं सांगताना जोलिता जरा थांबते. कारण ती किंचाळली नाही, देवाचं नाव घेतलं नाही, सरांकडेही धावली नाही. ती उठली, दाराचा पडदा बाजूला केला, जिना चढली आणि सरळ कॅन्टीनमध्ये जाऊन बीटाचं सूप प्यायली. पूर्ण वाडगाभर. वर आंबट साय घालून. पाय सवयीनं तिकडे गेले. चमचा खाली ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की बारा वाजून गेलेत, आपण जेवतोय, आणि खाली रिकामं कोणीतरी करतंय.

ती परत उतरली तेव्हा खोलीत कुठलाच वास नव्हता. नोंदवही उघडी होती. आजची तारीख. रिकामं – ठीक. पुढे J, गोल, खाली आकडा काढलेलं.

त्या रात्री ती झोपली नाही हे सांगायला नकोच. पण सकाळी उठली ती ठरवूनच. नोंदवहीतलं ते पान फाडलं होतं, पिशवीत ठेवलं होतं. नव्या काचा धुतल्या, पट्टीवर कोणाचंही नाव लिहिलं नाही. दहा वाजता पाहुणे आले: तार्तूच्या माइरे बाई, त्यांच्याबरोबर दोन तरुण, आणि स्तोन्कुस सर, खिशात संत्री घेऊन. माइरे बाई कमी बोलणाऱ्या, केस घट्ट मागे बांधलेले. जोलिताला त्या एकदम आवडल्या. आपलं खरं या बाईला सांगायला सोपं जाईल असं तिला वाटलं.

लेसर टेबलाखाली काळ्या पेटीत बंद असतो. तिनं चावी फिरवली, दारावरचा लाल दिवा लागला, दिवे मालवले. आधी सगळं चालतंय हे दाखवायला भरलेली काच. पडद्यावर हिरवे ठिपके आले, थरथरत, भिरभिरत, आणि एकेक करून जायला लागले. आहे, आहे, नाही. दोघा तरुणांपैकी एकजण कौतुकानं काहीतरी पुटपुटला.

मग रिकामी. जोलितानं वाक्य तयार ठेवलं होतं. रात्रभर घोकलं होतं. आता तुम्हाला करडं दिसेल, आणि साधारण वीस ठिपके दिसतील, आणि याआधी जे दाखवलं ते खोटं होतं. तिनं शटर उघडलं. खट् आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला.

पडदा काळा.

तिनं शटर बोटानं तपासलं. उघडं होतं. काच तपासली. पाणी होतं. पडद्यावर सावट नाही, ठिपका नाही, काही नाही. पाणीसुद्धा इतकं काळं नसतं. फोटोतला तोच काळा, अकरा वर्षांचा.

माइरे बाई पडद्याच्या इतक्या जवळ वाकल्या की त्यांचं नाक काचेला लागलं. मग त्या सरळ झाल्या आणि अंधारात जोलिताचा हात शोधून दोन्ही हातांत धरला. "माफ करा. मला तुमचा संशय येत होता. पत्र लिहिण्याआधी मी स्वतःच यायला हवं होतं… तुम्ही काच धुता तरी कशी?"

आता. सांगायचं ते आता. जोलितानं तोंड उघडलं. पिशवीतलं पान तिच्या पायाशीच होतं. सरांनी तिच्या दुसऱ्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं, लहान मुलाला शाबासकी द्यावी तसं. आणि अंधारात कुठेतरी, टेबलाच्या पलीकडून, तिला वाटलं, कोणीतरी समाधानानं खुर्चीत टेकून बसलं.

"तीनदा धुते," जोलिता म्हणाली.

एवढंच. नंतर कागद आला, माइरे बाईंनी सही केली, सरांनी केली. रिकामं कोणी केलं या रकान्यात जोलितानं J लिहिलं. आजवर एगिदिया तिच्या नावानं लिहीत होती, आता तिचं तिनंच लिहिलं. खाली आकडा निघाला की नाही हे बघायचा तिला धीर झाला नाही. तपासणी जानेवारीत हॉस्पिटलात जाणार. कॉफीसाठी सगळे वर गेले, जाताना सर म्हणाले, एगिदिया आज असायला हवी होती.

मदतच केली असेल तिनं, जोलिताला वाटलं. तिच्या परीनं. मैत्रीण अडचणीत आहे म्हणून आली, आणि अकरा वर्षं जे करत आली तेच केलं, न विचारता. पण आधी निदान खोटं एकटी एगिदिया तरी बोलत होती. आता दोघी बोलल्या होत्या, आणि त्यातली जिवंत एकच होती. हे कोणाला सांगायची आता सोय राहिली नव्हती.

तरी माणूस शेवटपर्यंत साधं कारण शोधतं. तिनं भरलेली काच पुन्हा लावून बघितली. काळी. शटर उघडं, चावी फिरवलेली, दारावर लाल दिवा, आणि पडद्यावर काळं. म्हणजे शटरच बिघडलंय, आतली पाती अडकली असणार. या विचारानं तिला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ पळतच बोळाच्या टोकाशी झेनोनासच्या खोलीत गेली. झेनोनास म्हणजे संस्थेतली यंत्रं सांभाळणारे इंजिनिअर, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले. भूत म्हटलं तर ते त्याचा व्होल्टेज विचारतील, असे. काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून खात बसले होते.

शटर अडकतंय, तिनं सांगितलं. खट् वाजतं पण उघडत नाही, सकाळी पाहुण्यांसमोर सगळं काळं दिसलं.

"बघतो," झेनोनास म्हणाले. "लेसर परत बसवला की शटरही बघतो."

"परत?"

त्यांनी मानेनंच टेबलाकडे दाखवलं. तिथे वर्तमानपत्रावर लेसर पडला होता, झाकण काढलेला, आतली काच वेगळी, तारा वेगळ्या, स्क्रू बशीत. मंगळवारी संध्याकाळी काढून आणला, ते म्हणाले. पाहुणे शुक्रवारी येणार असं त्यांच्या डोक्यात होतं. दारावर चिठ्ठी लावली होती, पडली असेल.

"पण लाल दिवा लागला की."

"चावी फिरवली की दिवा लागतो. त्याला लेसर लागत नाही."

बशीतले स्क्रू ती मोजायला लागली, सातवर थांबली.

"झेनोनास… भरलेल्या काचेत ठिपके दिसले सकाळी. हिरवे. हलत होते. पाच जणांनी बघितले. तार्तूच्या बाईंनी सही केलीय."

झेनोनासनी तिच्याकडे बघितलं. मग उघड्या लेसरकडे बघितलं. पावाचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, बोटं पुसली.

"मग हा जोडायची घाई नाही म्हणायची, बाई."